नंदकिशोरने पुसलेली टिंबं

नंदकिशोर उकिडवे हा माणूस मुळात घाबरण्यासाठी जन्माला आला आणि मधल्या वेळात इंजिनिअर झाला. नागोयात राहून त्याला बरीच वर्षं झाली, तरी भुयारी रेल्वेच्या गेटवर कार्ड टेकवताना तो अजून श्वास रोखून धरतो आणि गेट उघडलं की त्याला किंचित वाकून नमस्कार करतो. बघणाऱ्यांना वाटतं, या गृहस्थांनी जपानी रीत किती छान उचलली आहे! ती रीत नसते, सुटका झाल्याची कृतज्ञता असते.

कचऱ्याच्या बाबतीत तर विचारूच नका. प्लास्टिकचा वार आला की दह्याचा रिकामा डबा हा इतका घासतो की कारखान्यातून निघतानाही तो इतका स्वच्छ नसेल. एकदा बाटलीचं एक झाकण चुकून जळाऊ कचऱ्यात गेलं, तर हा अनवाणी गाडीमागे धावला. गाडीवाल्याने गाडी थांबवली, पिशवी परत दिली आणि वर स्वतःच कमरेत वाकून माफी मागितली. त्या माफीची धास्ती नंदकिशोरने पुढे महिनाभर घेतली होती. याच्या मागे काहीतरी येणार, असं त्याला सारखं वाटायचं.

बायको मधुरिमा उलट्या स्वभावाची. ती म्हणते, "लग्नात अंतरपाट सारखा हलत होता. मामांना वाटलं पंख्याने हलतोय, म्हणून त्यांनी पंखा बंद केला. तरी हलतच होता. पलीकडून यानेच त्याची कड धरली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं." मुलगी अनया पाचवीत आहे. आईबाप मराठीत बोलले तरी ती जपानीत उत्तर देते, आणि बापाला तिचं ठरलेलं उत्तर एकच असतं: "दाइजोबु." म्हणजे काही होत नाही. हे ती शाळेच्या वाटेवर त्याचा हात धरून म्हणते. रस्ता कोण कुणाला ओलांडून देतं, हे बघणाऱ्याला पटकन कळत नाही.

तर अशा या माणसाला नोकरी कसली मिळावी? मोटारीच्या सुट्या भागांचे खोके उचलणारे लोखंडी हात बनवणाऱ्या कंपनीत. ऑफिसात त्या हाताला आर्म म्हणतात. आर्मला कामं सांगायची एक छोटी भाषा आहे: उचल, वळ, ठेव, मागे ये. ही भाषा ओळीओळीने वाचून आर्मकडून कामं करून घेणारा जो प्रोग्राम, तो इंटरप्रिटर. म्हणजे आर्मचा दुभाष्याच म्हणा. तो होरिबे-सान (सान म्हणजे आपलं 'राव') नावाच्या इंजिनिअरने तरुणपणी लिहिला आणि ते निवृत्त झाले तरी तो जुन्या विंडोजवाल्या डब्यांवर, म्हणजे आर्म चालवणाऱ्या कॉम्प्युटरांवर, निमूटपणे चालत होता.

यंदा कंपनीने नवीन डबा आणला. आकाराने लहान, किमतीने स्वस्त, आतली चिप निराळी आणि विंडोजच्या जागी लिनक्स. होरिबे-सानचा तोच इंटरप्रिटर या डब्यासाठी कंपाइल करून द्यायचा, म्हणजे नव्या डब्याला चालेल अशा रूपात उतरवून द्यायचा, हे काम नंदकिशोरकडे आलं. "घर तेच आहे, उकिडवे-सान, फक्त बिऱ्हाड हलवायचंय," असं सेक्शनचे प्रमुख कितागावा-सान म्हणाले.

इथपर्यंत ठीक होतं. पण या कंपनीत एक रीत आहे. नवीन काही बनवलं की पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर, चालत्या आर्मखाली, बनवणाऱ्याने स्वतःचा हात घालायचा. आर्मच्या पुढे एक अदृश्य प्रकाशाची रेघ असते. हाताने ती रेघ तोडली की आर्मने जागच्या जागी थांबायला हवं. आर्म थांबतो, गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं, कुणीतरी फोटो काढतो आणि तो फोटो कॉरिडॉरमध्ये लागतो. अशी हात घातलेल्या हसऱ्या माणसांची एक रांगच तिथे भिंतीवर आहे. नंदकिशोर रोज सकाळी त्या रांगेसमोर थांबतो आणि प्रत्येकाची बोटं मोजतो.

शेजारच्या टेबलावरचा जयेश, पुण्याहून कंत्राटावर आलेला, त्याला रोज विचारतो, "काय काका, भरली का बोटं?"

"होरिबे-सानचा अंगठा दिसत नाही रे."

"अंगठा आत दुमडलाय."

"का दुमडलाय?"

"तुमच्यासारखंच कुणीतरी मोजत असेल म्हणून, चिडवायला!"

यंदाच्या फोटोत आपण असणार, हे नंदकिशोरला काम हातात आलं त्याच दिवशी कळलं. शुक्रवारी एका मोठ्या गोदामाचे लोक यायचे होते आणि त्यांच्यासमोर नव्या डब्यावर चालणाऱ्या आर्मखाली उकिडव्यांचा उजवा हात जायचा होता. मधुरिमाने विचारलं, "डावा घातला तर चालत नाही का?" हा त्याला त्या सबंध आठवड्यात मिळालेला एकमेव दिलासा. पण नाही चालत. जेवणारा हात घालायचा, असं होरिबे-सानच्याही आधीपासून चालत आलंय.

आता त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्षाअखेरीला जपानी ऑफिसात ओसोजी होते. म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठी साफसफाई करायची. साहेबसुद्धा बाह्या सावरून खिडक्या पुसतात. नंदकिशोरने आपला ड्रॉवर पुसला, खुर्चीची चाकं पुसली, जयेशच्या खुर्चीचीही पुसली आणि तरी वेळ उरला म्हणून होरिबे-सानचा कोड उघडला.

कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा असतात. त्यांना कॉमेंट म्हणतात आणि कंपाइल करणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, त्या वाचत नाही, सोडून देतो. होरिबे-सानच्या टिपा जपानीत होत्या. नंदकिशोरला दिसलं की काही टिपांच्या शेवटी एक टिंब आहे आणि काहींच्या शेवटी नाही. याला काही नियमच नाही! टिंब असेल तर सगळीकडे असावं, नाहीतर कुठेच नसावं, असं मानणाऱ्या घरात नंदकिशोर वाढला होता. त्याने सगळी टिंबं पुसून टाकली.

पुढच्या सकाळच्या बैठकीत कितागावा-साननी त्याला उभं केलं. "उकिडवे-साननी यंदा कोडचीही ओसोजी केली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंदकिशोर घरी येऊन पांघरूण घेऊन पडला. कौतुकाचीही त्याला भीती वाटते.

त्यानंतर बिऱ्हाड हलवणं सुरू झालं. जुन्या विंडोजवर कोड मुकाट्याने कंपाइल होत होता आणि नवा डबा मात्र पहिल्या दिवसापासून हटून बसला. म्हणे अमुक नावाची गोष्ट तुम्ही सांगितलेलीच नाही. नंदकिशोरने स्क्रीनला नाक लावून पाहिलं. ती गोष्ट वरच्याच ओळीत, ढळढळीत सांगितलेली होती. तो जयेशला म्हणाला, "अरे, मला दिसतंय, तुला दिसतंय, यालाच कसं दिसत नाही?"

"नवीन कंपायलर कडक असतात, काका. परत सांगा."

म्हणून नंदकिशोरने ती ओळ परत लिहिली. मग विंडोजवाला डबा ओरडला की हे दोनदा कशाला सांगताय? तेव्हा त्याने ठिगळ लावलं: नवा डबा असेल तरच ही जास्तीची ओळ वाच. एका ठिकाणी कंस उघडलेला सापडेना, तिथेही ठिगळ. असं एकेक करत त्याने सगळा इंटरप्रिटर गोधडीसारखा शिवून काढला. मध्ये मध्ये नवा कंपायलर वॉर्निंग द्यायचा, म्हणजे चूक म्हणून अडवायचा नाही, नुसता कुरकुरायचा. ती कुरकुर स्क्रीनभर व्हायची. नंदकिशोरला कुणी आवाज चढवला की धडकी भरते, मग तो कंपायलर का असेना. त्याने वॉर्निंग बंद करून टाकल्या. स्क्रीन शांत झाली आणि आर्म नव्या डब्यावर उचलू, वळू, ठेवू लागला. कितागावा-सान म्हणाले, "सुंदर!"

राहिली होती फक्त थांबण्याची चाचणी. जुन्या डब्यावर ती रीतसर झालेली होती. नव्यावर गुरुवारी दुपारी रंगीत तालीम ठरली, आणि तीसुद्धा अर्थातच हात घालून.

बुधवारी नंदकिशोर सुपरमार्केटात गेला आणि दाइकोन घेऊन आला. दाइकोन म्हणजे इथला मुळा. आपल्या मनगटापेक्षा जाड आणि कोपरापासून बोटांपर्यंत लांब. मधुरिमा म्हणाली, "अगबाई, भाजी आणलीस स्वतःहून?"

"ही ऑफिसला न्यायचीय."

"डब्यात?"

"आर्मखाली घालायला."

मधुरिमाने मुळा परत पिशवीत घातला. मग म्हणाली, "अनया, बाबांना आज दोनदा दाइजोबु म्हण."

जपानी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दिवे मालवतात आणि माणसं टेबलावर डोकं टेकून डुलकी घेतात. गुरुवारी सगळं ऑफिस असं भरदुपारी अंधारात झोपलेलं असताना नंदकिशोर लॅपटॉपच्या बॅगेतून शेंडा बाहेर आलेला मुळा घेऊन चाचणीच्या खोलीत शिरला. जयेश मागोमाग आला, कारण असा तमाशा चुकवणं पाप होतं. लाल बटण जयेशच्या हाती दिलं. ते दाबलं की वीजच जाते. नंदकिशोरने आर्म सुरू केला, मुळ्याचं एक टोक चिमट्यात धरलं आणि तो चिमटाही लांब काठीला बांधला. मग मुळा पुढे केला.

प्रकाशाची रेघ तुटली. आर्म थांबला नाही. तो आपल्या नेहमीच्या सभ्य गतीने खाली आला आणि मुळ्यावर टेकला. मोठा आवाजही झाला नाही, नुसतं काकडी मोडावी तसं 'कट्' झालं. जयेशने लाल बटण दाबलं. अर्धा मुळा जमिनीवर घरंगळत नंदकिशोरच्या बुटापाशी येऊन थांबला.

नंदकिशोरने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो खाली बसला. जयेश म्हणाला, "काका, पाणी आणू?"

"तालीम किती वाजता आहे?"

"चारला."

आता भीतीचाही एक उपयोग असतो, तो शूर लोकांना ठाऊक नसतो. शूर माणूस म्हणाला असता, वायर सैल असेल. नंदकिशोरचा मात्र वायरीवरही विश्वास नव्हता, डब्यावरही नव्हता आणि स्वतःवर तर कधीच नव्हता, म्हणून त्याने सगळंच तपासलं. तीच रेघ, तीच वायर जुन्या डब्याला जोडली. उरलेल्या मुळ्यापुढे आर्म मुकाट थांबला. परत नव्याला जोडली, पुन्हा कट्. म्हणजे कोड तोच, आर्म तोच, दोष फक्त बिऱ्हाड हलवण्यात.

कोडमध्ये रेघ तपासणारी ओळ एकच. तिच्या डोक्यावर होरिबे-सानची टीप होती: तेइशी किनो, म्हणजे थांबण्याची सोय. डबा या ओळीपर्यंत पोचतो की नाही हे पाहायला नंदकिशोरने टीप आणि ती ओळ यांच्या मध्ये एक साधी ओळ घातली: स्क्रीनवर 'आलो' असं छाप. कंपाइल केलं आणि मुळा पुढे केला.

आर्म थांबला.

पण स्क्रीनवर 'आलो' उमटलं नाही.

त्याने ती ओळ काढली. कट्. परत घातली, थांबला, आणि 'आलो' नाहीच. आजवर नंदकिशोर खऱ्याखोट्या हजार गोष्टींना घाबरला होता, पण जी ओळ काहीच करत नाही ती असली की आर्म थांबतो आणि नसली की मुळा तोडतो, अशी भीती त्याला कधी सुचलीही नव्हती.

"मिळाला की इलाज!" जयेश म्हणाला. "राहू दे ती ओळ. शुक्रवार पार पडेल, हात शाबूत राहील. कुणाला सांगायची गरज काय? उलट बोलायला गेलात तर सगळं उकरून निघेल."

मोह मोठा होता. सांगायला गेलं तर कितागावा-सानसमोर उभं राहावं लागणार, आणि गप्प राहिलं तर नुसता हात घालावा लागणार, तोही आर्म थांबत असताना. नंदकिशोर म्हणाला, "का थांबतो ते कळल्याशिवाय मी बोटसुद्धा घालणार नाही. आणि इथे हे आहे, तर अजून कुठे कुठे काय असेल रे?" हे काही त्याने बाणेदारपणे म्हटलं नाही. आवाज चांगला चिरकला होता.

आणि मग ज्या कुरकुरीला तो इतके दिवस घाबरला होता, ती त्याने चालू केली. वॉर्निंग धडाधड स्क्रीनभर वाहू लागल्या आणि जवळजवळ सगळ्या एकच सांगत होत्या: ही टीप पुढच्या ओळीतही चालू आहे. ही टीप पुढच्या ओळीतही चालू आहे. बिचारा कंपायलर पहिल्या दिवसापासून हेच ओरडत होता आणि यानेच त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

झालं होतं ते असं. होरिबे-सानच्या जुन्या फाइलींमध्ये प्रत्येक जपानी अक्षर दोन तुकड्यांत साठवलेलं होतं. काही अक्षरांचा दुसरा तुकडा आणि तिरकी रेघ हे चिन्ह, दोन्ही यंत्राच्या दृष्टीने एकच. 'किनो'मधलं शेवटचं अक्षर त्यातलंच. आणि या कोडच्या भाषेत ओळीच्या शेवटी तिरकी रेघ आली, तर पुढची ओळ हिचीच शेपटी, असा अर्थ होतो. विंडोजवाल्या कंपायलरला जपानी येत होती, त्याने अक्षर अख्खं वाचलं. नव्याला येत नव्हती. त्याने अर्धं अक्षर तिरकी रेघ म्हणून वाचलं, पुढची ओळ टिपेची शेपटी धरली आणि टीप म्हणून सोडून दिली. सोडलेली ती ओळ म्हणजे आर्म थांबवणारी ओळ. मध्ये 'आलो' घातलं की तो 'आलो' गिळायचा आणि थांबवणारी ओळ वाचायचा.

आणि होरिबे-सानचं टिंब? टिंब असलं की तिरकी रेघ ओळीच्या शेवटी राहत नाही. ज्या टिपांचा शेवट असल्या अक्षरावर होता, तेवढ्यांनाच त्यांनी टिंब दिलं होतं. नियम होता. नंदकिशोरने तो पुसला होता.

खात्री करायला त्याने होरिबे-सानना फोन लावला. ते मैदानावर होते, मागे चेंडूला टोला दिल्याचा आवाज येत होता. "टिंबं? हो हो, आम्ही सगळेच घालायचो तेव्हा," ते आनंदाने म्हणाले. "का घालायचो बरं? काहीतरी कारण होतं. आठवलं की कळवतो!"

चारच्या आधी नंदकिशोर मुळ्याचे दोन तुकडे हातात घेऊन कितागावा-सानसमोर उभा राहिला. टिंबं, ठिगळं, बंद केलेल्या वॉर्निंग, सगळं सांगितलं. कितागावा-साननी दातांतून 'स्स्स्' असा लांब श्वास आत ओढला. जपानी साहेबाने असा श्वास घेतला की इकडच्या माणसांना घाम फुटतो, मग नंदकिशोरचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. ते म्हणाले, "बैठकीत कौतुक मी केलं होतं. टिंबं कशासाठी आहेत, हे मीही विचारलं नाही. दुरुस्त करा. उद्या हात मी घालतो."

सुटका! अशी आयती सुटका नंदकिशोरला जन्मात मिळाली नव्हती. आणि त्याच्या तोंडून शब्द आले, "नाही, नाही, कितागावा-सान! माझाच!"

घरी मधुरिमाने विचारलं, "एवढं शौर्य कुठून आलं?"

"कसलं शौर्य? त्यांच्या हाताला काही झालं असतं, तर माफी मागायला उभं कुणी राहायचं होतं? त्यापेक्षा आपला हात बरा."

त्याआधी ऑफिसात जुनी टिंबं परत आली होती, सगळी ठिगळं निघाली होती. वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल केलं तर स्क्रीन आपणहून शांत राहिली. गुरुवारची तालीम आर्मने उरलेल्या मुळ्यावर केली, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी थांबला. तुकडे टाकायचे कुठल्या डब्यात, हे ऑफिसात कुणालाच नक्की सांगता येईना, म्हणून नंदकिशोर ते घरी घेऊन आला. त्या रात्री मुळ्याची भाजी होती. त्याने घेतली नाही.

शुक्रवारी गोदामाची मंडळी आली, काळ्या कोटांत, रांगेत उभी राहिली. आर्म उचलत होता, वळत होता, ठेवत होता. नंदकिशोर पुढे झाला. त्याने मनात आर्मला नमस्कार केला, डोळे मिटले आणि जेवणारा हात आत घातला.

आर्म थांबला. तळहातापासून एखादं लिंबू राहील इतक्या अंतरावर.

टाळ्या पडल्या. आता हात बाहेर काढायचा असतो. नंदकिशोरचा हात तिथेच. टाळ्या थांबल्या, तरी हात तिथेच. आर्मखाली हात ठेवून, डोळे मिटून, चेहऱ्यावर एक अपार शांती घेऊन तो उभा. गोदामाचे वयस्कर साहेब शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "आपल्या कामावर एवढा विश्वास असलेला माणूस मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही." आणि त्यांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. कितागावा-सान हसऱ्या चेहऱ्याने जवळ आले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "उकिडवे-सान, आता काढा."

"निघत नाहीये," नंदकिशोरही ओठ न हलवता म्हणाला.

शेवटी जयेशने लाल बटण दाबलं आणि मागून दोन्ही खांदे धरून त्याला बाहेर ओढलं. गिऱ्हाइकांना तोही समारंभाचाच भाग वाटला. गोदामवाल्यांनी नवे डबे घ्यायचं तिथेच ठरवलं.

आता कॉरिडॉरमध्ये रांगेच्या शेवटी नंदकिशोरचाही फोटो आहे. त्यात सगळे हसतायत आणि त्याचे डोळे मिटलेले आहेत. बोटं पाच आहेत. तो ती रोज मोजतो.